क्षयाची ओळख

डॉ. आनंदीबाई जोशी 1887 सालच्या फेब्रुवारी महिन्यांत, 26 तारखेस, पुण्यास क्षयानें वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी हातीं पडून वर्ष भरलें नव्हतें. ज्या रोगानें त्यांचा बळी घेतला त्याचा जंतु पांच वर्षांपूर्वींच बर्लिन शहरीं सांपडला होता. रोग नेमका कोणता हें दाखवून देण्याची सोय झाली होती; तो बरा करण्याची सोय व्हावयास आणखी सुमारें साठ वर्षें लागावयाचीं होतीं. औषधाच्या कितीतरी आधीं निदान आलें. औषध नसतांना त्या निदानाला किंमत ती काय, असें कोणासही वाटेल. किंमत होती, कारण हा रोग घरांतील एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तो आहे हें कळल्यावांचून बाकीच्यांना जपतां येत नाहीं.

राजयक्ष्म्याचीं लक्षणें चरकसंहितेंत आलेलीं आहेत. खोकला, ज्वर, पार्श्वशूल, रक्त पडणें, अंग झिजणें हीं लक्षणें जुन्या वैद्यांस अचूक ठाऊक होतीं. परंतु तीं सगळीं एकत्र दिसूं लागत तोंपर्यंत रोगानें फुप्फुस पोखरलेलें असे. जिवंत माणसाच्या छातीच्या आंत डोकावण्याची पहिली खटपट कानानें झाली. व्हिएन्ना येथील आउएनब्रुगर यानें छातीवर बोटांनीं ठोकून आवाजावरून आंतील स्थिति ताडण्याची रीत 1761 सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून आंत दारू कोठवर आहे हें पाहण्याची संवय त्याला बापाच्या तळघरांत लागली असें सांगतात. त्याच्या पुस्तकाकडे जवळजवळ अर्धें शतक कोणीं फारसें पाहिलें नाहीं.

पुढें 1816 सालीं पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत लाएनेक याच्याकडे हृदयाचा विकार असलेली एक तरुण, स्थूल स्त्री आली. तिच्या छातीस कान लावणें शिष्टसंमत नव्हतें, म्हणून त्यानें कागदांची सुरळी करून एक टोंक तिच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. नुसत्या कानापेक्षांही आवाज स्पष्ट ऐकूं आला. सुरळीची झाली लांकडी नळी, आणि तिचेंच आजचें रूप म्हणजे डॉक्टरांच्या गळ्यांतील स्टेथोस्कोप. लाएनेकची खरी थोरवी मात्र नळींत नाहीं. रोगी जिवंत असतां ऐकलेला आवाज तो टिपून ठेवी आणि रोगी दगावल्यावर शवविच्छेदन करून आवाजाचा व फुप्फुसांतील विकृतीचा मेळ घालून पाही. आपण जें ऐकलें तें खरें कीं खोटें याचा हिशेब त्यानें स्वतःच मांडला. तो 1826 सालीं क्षयानेंच गेला. अखेरच्या दिवसांत त्यानें आपल्या पुतण्यास आपली छाती ऐकावयास सांगितलें, आणि जे आवाज त्यानें सांगितले ते लाएनेकच्या चांगलेच ओळखीचे होते.

नळीनें फुप्फुसाची नासाडी ऐकूं येई. नासाडी करणारा कोण तें कळत नसे. तें 24 मार्च 1882 रोजीं बर्लिन येथील शरीरशास्त्र-मंडळाच्या सभेंत रॉबर्ट कॉख यानें दाखविलें. क्षयाच्या जंतूवर मेणासारखें आवरण असल्यामुळें त्याला रंग सहज चढत नाहीं, आणि रंगावांचून तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं नजरेस पडत नाहीं. कॉखनें तो निळा रंगवून तपकिरी पार्श्वभूमीवर उठून दिसेलसा केला. त्या सभेंत पाउल एर्लिख नांवाचा तरुण डॉक्टर बसला होता. एकदां चढलेला रंग आम्लानें धुतला तरी हा जंतु सोडीत नाहीं, हें त्यानें लौकरच शोधून काढलें. झील व नील्सन यांनीं या रीतीस पूर्णता आणली, आणि निळ्या पटावर बारीक तांबड्या काड्या शोधण्याची ती रीत आजही चालू आहे. दैवयोग असा कीं, कांहीं वर्षांनीं एर्लिखला स्वतःच्या थुंकींतच ते जंतु आढळले! तो इजिप्तच्या कोरड्या हवेंत जाऊन राहिला आणि बरा होऊन परतला. इतकें भाग्य फार थोड्यांच्या वांट्यास आलें.

या तपासणीसही मर्यादा आहे. एका मिलिलिटर थुंकींत सुमारें 5,000 ते 10,000 जंतु असल्याखेरीज ते कांचपट्टीवर हमखास दिसत नाहींत. रोग कोवळा असेल तर कांचपट्टी कोरी निघते. म्हणूनच व्युर्झबुर्ग येथें 8 नोव्हेंबर 1895 रोजीं राँटगेन यास क्ष-किरणांचा शोध लागतांच वैद्यकाच्या आशा पालवल्या. पुढच्याच वर्षीं बोस्टनचा फ्रान्सिस विल्यम्स पडद्यावर क्षयरोग्यांचीं फुप्फुसें पाहूं लागला. ब्राझीलच्या मानुएल द अब्रेऊ यानें 1936 सालीं पडद्यावरील छायेचें लहान फिल्मवर छायाचित्र घेण्याची युक्ति काढली. त्यामुळें खर्च उतरला आणि शहरेंच्या शहरें यंत्रासमोर उभीं करणें शक्य झालें. फोटो खोटें बोलत नाहीं, असा सर्वांचा समज.

फोटो खोटें बोलत नसेल, पण तो आपण होऊन कांहींच बोलत नाहीं. तो वाचावा लागतो. अमेरिकेंत 1947 सालीं या वाचनाचीच परीक्षा प्रसिद्ध झाली. 1,256 माणसांचे छातीचे फोटो पांच जाणत्या डॉक्टरांनीं निरनिराळे वाचले. ज्यांत दोष म्हणून एकानें बोट ठेवलें, त्यांपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्श्यांत दुसऱ्याचें मत निराळें पडलें. तेच फोटो कांहीं काळानें त्याच डॉक्टरापुढें ठेवले, तेव्हां सुमारें पांचव्या हिश्श्यांत त्याचें स्वतःशींच जुळेना! लाएनेकनें जो हिशेब शवविच्छेदनाच्या मेजावर मांडला तो छायाचित्राच्या बाबतींत इतकीं वर्षें कोणीं नीट मांडलाच नव्हता.

भारतापुढें हा प्रश्न पैशाचाही होता. खेड्यापाड्यांतून क्ष-किरणांचीं यंत्रें कोठून आणावयाचीं? 1962 सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षय-कार्यक्रमानें म्हणून थुंकीच्या तपासणीवर भर दिला. त्या सुमारास बंगलोरच्या राष्ट्रीय क्षय-संस्थेचे देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनीं तुमकूर जिल्ह्यांत फिरून क्षयरोग्यांची विचारपूस केली. अडाणी माणूस दुखणें अंगावर काढतो ही शहरांतील समजूत तेथें टिकली नाहीं. अर्ध्याहून अधिक रोगी आपल्या पायांनीं दवाखान्यांत जाऊन आले होते. तेथें त्यांची थुंकी कोणी पाहिली नाहीं. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना वाटेस लावण्यांत आलें. क्षयाच्या कामीं सूक्ष्मदर्शक यंत्र तेव्हां ऐंशी वर्षांचें जुनें साधन झालें होतें; उणीव यंत्राची नव्हे, तें वापरण्याची होती.

शहरांत नेमकी उलट तऱ्हा झाली. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून क्षय सांगणाऱ्या तपासण्यांचा खाजगी प्रयोगशाळांतून सुळसुळाट झाला. त्यांपायीं निरोगी माणसें महिनोन्महिने औषधें घेत आणि रोगी मोकळे फिरत. जागतिक आरोग्य संघटनेनें 2011 सालीं त्या वापरूं नयेत असें बजावलें आणि 2012 सालीं भारत सरकारनें त्यांवर बंदी घातली. त्याआधीं, 2010 च्या डिसेंबरांत, त्याच संघटनेनें थुंकींतील जंतूचें जनुक-द्रव्य ओळखणाऱ्या नव्या तपासणीस मान्यता दिली होती. ही सुमारें दोन तासांत उत्तर देते, आणि रिफाम्पिसिन हें मुख्य औषध त्या जंतूला लागू पडेल कीं नाहीं तेंही सांगते.

एवढें झाल्यावर क्ष-किरणांचें काम संपलें असें वाटावें, तों 2019 ते 2021 या काळांत देशभर क्षयाची पाहणी झाली. क्ष-किरणांचें यंत्र मोटारगाडींत घालून वस्तीवस्तींत नेलें होतें. लक्षणें विचारून संशयितांची थुंकी घेतलीच. शिवाय ज्यांच्या फोटोंत डाग दिसला, पण जे स्वतःस धडधाकट म्हणवीत होते, त्यांचीही घेतली. फोटो काढलाच नसता तर सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा 42.6 हातून निसटले असते. छायेनें शंका घ्यावयाची आणि थुंकीनें ती पडताळावयाची, अशी कामाची वांटणी त्या गाड्यांतून झाली होती.