दिनविशेष : ९ ऑगस्ट – बेगमपेटचे ठाणे

सिकंदराबाद ते लिंगमपल्ली ही हैदराबादच्या ‘एमएमटीएस’ची पहिली उपनगरी गाडी २००३ साली आजच्याच दिवशी, तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या हस्ते, रुजू झाली, आणि वाटेवरचे बेगमपेटचे चिमुकले ठाणे हजारो नोकरदारांच्या नित्यक्रमात येऊन बसले. वस्तुतः हा लोहमार्ग फार जुना : सर सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८७४ साली, निजामाच्या रियासतीने वाडी जंक्शनापासून सिकंदराबादेपर्यंत जो मार्ग घातला, ज्यायोगे त्याची राजधानी हैदराबाद मुंबई-मद्रासच्या रेल्वेशी प्रथमच जोडली गेली, आणि जो १९३० साली सरकार-ए-आलीच्या, म्हणजे निजाम सरकारच्या, थेट अखत्यारीत आला, तोच हा. सोलापूर-वाडीकडून येणाऱ्या मराठी कुटुंबाला शहर आल्याची खात्री येथेच पटते. वळकट्या आवळल्या जातात, आणि खिडकीशी बसलेले पोर पिवळ्या पाटीवरील तेलुगू अक्षरांखालचे नागरी ‘बेगमपेट’ मोठ्याने वाचते. मला हे ठाणे आवडते ते या क्षणासाठी. २२ मे २०२५ रोजी त्याचे नूतन रूप लोकार्पित झाले, आणि निजामांच्या पेठेतील या वास्तूला आता काकतीयांच्या शिल्पशैलीचा साज चढला आहे.