प्राच्य भाषेतील लेख : हुंडी आणि १८८१ चा अधिनियम

चेक, वचनचिठ्ठी व विनिमयपत्र ह्या तीन चलनक्षम दस्तऐवजांसंबंधीचा हिंदुस्थानातील मूळ कायदा म्हणजे १८८१ चा सव्विसावा अधिनियम होय. तो १ मार्च १८८२ पासून अमलात आला. त्याच्या पहिल्याच कलमात एक अपवाद नमूद केलेला आहे : प्राच्य भाषेत लिहिलेल्या कोणत्याही लेखासंबंधी जी स्थानिक रूढी असेल तिला ह्या कायद्याने बाध येणार नाही, मात्र आपला व्यवहार ह्याच कायद्याने नियमित व्हावा असा पक्षांचा हेतू लेखातील शब्दांवरून दिसत असेल, तर रूढी वगळली जाईल. कायद्याचे अभ्यासक हे वाक्य हुंडीला मिळालेली सवलत म्हणून वाचतात व पुढे जातात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबावे लागते. कारण येथे लेखाचा प्रकार, रक्कम, पक्षांचा धर्म किंवा व्यवसाय ह्यांपैकी कशावरही भेद केलेला नाही. भेद केला आहे तो लेखाच्या भाषेवर. एकाच पेढीने, एकाच रकमेचा, एकाच मनुष्यावर काढलेला आदेश इंग्रजीत असेल तर त्याला एक नियम आणि गुजराती, मारवाडी किंवा मराठीत असेल तर कदाचित दुसरा. ‘प्राच्य भाषा’ म्हणजे काय, ह्याची व्याख्या मात्र अधिनियमात कोठेही नाही.

हा अपवाद उतावळेपणाने घातलेला नव्हता. अधिनियमाचा पहिला मसुदा तिसऱ्या विधी आयोगाने १८६६ मध्ये तयार केला व डिसेंबर १८६७ मध्ये तो विधिमंडळापुढे आला. इंग्लंडमधील कायद्यापासून तो फार ठिकाणी दूर जातो, अशी तक्रार व्यापारी वर्गाने केली. १८७७ मध्ये तो पुन्हा लिहिला गेला, त्यानंतरही त्यात फेरफार झाले, आणि अखेर व्हिटली स्टोक्स, चार्ल्स टर्नर व रेमंड वेस्ट ह्यांच्या नव्या आयोगाच्या हाताखालून तो गेला. वेस्ट हे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते व हिंदू धर्मशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्धच आहे. विधिकर्त्यांची अपेक्षा अशी होती की, देशी सराफांची गैरसोय न होता व्यापारी व्यवहारात एकरूपता हळूहळू येईल. म्हणजे रूढी रक्षिली ती टिकावी म्हणून नव्हे, तर ती आपोआप विरून जावी म्हणून. ज्या इंग्लंडच्या नमुन्याचा आग्रह धरला गेला, त्या इंग्लंडातही ह्या विषयावरील संहिताबद्ध कायदा १८८२ मध्ये, म्हणजे हिंदुस्थानच्या नंतर झाला, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हुंडीचे वय ह्या सर्वांहून फार मोठे. बाराव्या शतकातील कल्हणाच्या राजतरंगिणीत ‘हुंडिका’ हा शब्द येतो. सतराव्या शतकात ताव्हर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने निरनिराळ्या शहरांहून सुरतेवर होणाऱ्या हुंड्यांचे दर नोंदविले आहेत. पेशवाईत उत्तरेतील स्वाऱ्यांचा पैसा पुण्यास आणावयाचा तर वाटेवर रोकड लुटली जाण्याचे भय असे. ते काम सावकारांच्या हुंड्यांनी होई. त्याबद्दल सावकार जे घेई ती ‘हुंडणावळ’. पुढे रुपया आणि पौंड ह्यांच्या दराचा वाद पेटला तेव्हा मराठी लेखकांनी त्या दरालाही हाच शब्द लावला, इतका तो अंगवळणी पडलेला होता.

हुंडीचा मजकूर पत्राच्या घाटाचा असतो. आरंभी मंगलवाचक अक्षरे, मग ज्याच्यावर हुंडी त्याचे गाव व नाव, मग लिहिणाराचा नमस्कार, आणि त्यानंतर रक्कम. ही रक्कम लिहिण्याची रीत मोठी मार्मिक आहे. ती अंकी लिहावयाची, अक्षरी लिहावयाची, आणि शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून ‘त्याची दुप्पट पुरी द्यावी’ असे म्हणावयाचे. हजाराची हुंडी असेल तर पाचशांची दुप्पट. एका शून्याची भर घालून शंभराचे हजार करणाऱ्याला मग अंक, अक्षर व गणित ह्या तिन्हींत खोटेपणा करावा लागे. १८८१ च्या अधिनियमाच्या अठराव्या कलमानुसार अंकी व अक्षरी रकमेत फरक पडल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य मानावी लागते. हुंडीने तिसरा साक्षीदार ठेवला होता. तो कायद्याच्या दृष्टीस पडला नाही.

ह्या खबरदारीला लिपीचेही कारण होते. व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत कानामात्रा बहुधा गाळलेल्या असत. काका अजमेरला गेल्याचे पत्र घरच्यांनी ‘काका आज मेले’ असे वाचून रडारड केली, ही गोष्ट उत्तर हिंदुस्थानात व गुजरातेत सर्वतोमुखी आहे. शब्द संदिग्ध राहण्याची भीती असेल तेथे संख्येचा आधार घेणे हे शहाणपणाचेच होते.

परंतु हुंडीचे खरे मर्म एका समासात आहे : ‘शाहजोग’. ह्यातील ‘शाह’ हा फारसी ‘पातशहा’तील शहा नव्हे. संस्कृत ‘साधु’पासून प्राकृत ‘साहु’, त्यापासून ‘साह’, आणि लेखनात फारसीच्या छायेने ‘शाह’, अशी त्याची परंपरा. ‘जोग’ हा ‘योग्य’ ह्याचा तद्भव; गुजराती-राजस्थानी पत्रव्यवहारात तो ‘ला, प्रत’ ह्या अर्थाच्या प्रत्ययाप्रमाणे नावापुढे येतो. तेव्हा शाहजोग हुंडी म्हणजे ‘शाहाला द्यावयाची’ हुंडी. हा शाह कोण? बाजारात ज्याची पत आहे, ज्याला सारे ओळखतात, असा भरवशाचा गृहस्थ. हुंडी हातोहात कितीही फिरो; शेवटी पैसे मागावयास जो येईल तो शाह असला पाहिजे, आणि तो तसा आहे की नाही हे पैसे देणाऱ्याने पाहिले पाहिजे.

इंग्रजी वर्गवारीत ह्याला जागा नाही. तेथे दस्तऐवज धारकास देय असतो किंवा आदेशानुसार देय. शाहजोग हुंडी पहिल्यासारखी फिरते, पण पहिल्यासारखी फेडली जात नाही. आणि हा नुसता नामकरणाचा प्रश्न नव्हे. हुंडी चोरीची निघाली तर बुडीत रक्कम कोणाच्या माथी, हा प्रश्न त्यावर ठरतो. रूढी अशी की, ज्या शाहाने पैसे उचलले त्याने ते व्याजासह परत करावे, नाहीतर ज्याच्याकडून हुंडी आली त्या मनुष्याला हजर करावे. चेकच्या बाबतीत अधिनियमाचा रोख उलटा आहे. आदेशानुसार देय असलेल्या चेकवर पैसे घेणाराच्या वतीने सही झालेली दिसली आणि बँकेने रीतसर, सद्भावनेने व हयगय न करता पैसे दिले, तर पंच्याऐंशीव्या कलमाने ती मोकळी होते. बँक कागद पाहते. सराफ माणूस पाहत असे. मोठ्या शहरात अनोळखी लोकांशी व्यवहार करणाऱ्या संस्थेला पहिला मार्गच सोयीचा, हे खरे. तथापि ज्याचा कागद चोरीस गेला त्याला दुसऱ्या मार्गात अधिक आधार होता, हेही नाकारता येत नाही.

जोखमी हुंडीची गोष्ट ह्याहून पुढची. गलबतावर चढविलेल्या मालापोटी ती काढली जाई आणि माल बंदरास सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. म्हणजे एकाच कागदात हुंडीही आणि विमाही. गलबत बुडाले तर ज्याने ती विकत घेतली त्याचे पैसे गेले. अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे विनिमयपत्रातील आदेश बिनशर्त असावा लागतो. ‘जोखीम’ हा शब्द लिहिला की शर्त आलीच. त्यामुळे ही हुंडी व्याख्येच्या बाहेर पडते. ती तगली ती केवळ रूढीच्या बळावर.

हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’. फेडून रद्द झालेली हुंडी ‘खोखा’. आणि हुंडी न सकारली गेल्यास आपल्या वतीने ती फेडावी म्हणून त्याच गावच्या एखाद्या प्रतिष्ठितास लिहून ठेवलेली ‘जिकरी चिठ्ठी’. प्रत्येक शब्दामागे एकेक नियम उभा आहे.

अपवादाचा परिणाम असा झाला की, ह्या शब्दांचा अर्थ कायद्याच्या पुस्तकातून निघून साक्षीदारांच्या तोंडी गेला. रूढी आहे असे जो म्हणेल त्याने ती सिद्ध करावयाची. सिद्ध न झाल्यास हुंडीलाही अधिनियमच लागू, असा न्यायालयांचा दंडक पडला. वादातील हुंडी न्यायाधीशापुढे येई ती इंग्रजी भाषांतरासह. ‘शाहजोग’चे ‘पेएबल टु अ रिस्पेक्टेबल होल्डर’ असे भाषांतर केले की, निम्मा नियम भाषांतरातच गळून जाई. तो परत आणावयास पेढीवरचे जाणते सराफ बोलवावे लागत. एकदा न्यायालयाने एखादी रूढी मान्य केली की, पुढील वादांत तिचा पुरावा सोपा होई, पण त्याबरोबर ती गोठूनही जाई. बाजारात शाहाची कसोटी बदलली तरी निवाड्यातला शाह तोच राही.

स्वातंत्र्यानंतर विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या अकराव्या अहवालात ह्या अधिनियमाची तपासणी केली. १९८८ च्या दुरुस्तीने चेक न वटणे हा विवक्षित परिस्थितीत फौजदारी गुन्हा ठरला व तेव्हापासून न्यायालयांत ह्या कायद्याचे नाव निघते ते बहुतेक त्याच प्रकरणामुळे. सरकारी मराठीने कायद्याला ‘परक्राम्य संलेख अधिनियम’ असे नाव दिले व चेकला ‘धनादेश’. बँकेच्या खिडकीशी उभा असलेला मनुष्य मात्र चेक ‘वटला’ की नाही एवढेच विचारतो, आणि ते क्रियापद हुंडीचे आहे. पहिल्या कलमातील प्राच्य भाषेचे वाक्यही अद्याप जागच्या जागी आहे.