गुडघ्याच्या आत डोकावताना

कबड्डी खेळताना चढाई करणाऱ्या मुलाचा पाय जमिनीवर रुतून राहतो, शरीर मात्र गर्रकन वळते. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखे वाटते आणि गुडघा सुजतो. क्ष-किरण चित्र काढले, तर सारी हाडे शाबूत! मग इजा झाली कशाला? या साध्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला टाचणीही न टोचता देता यावे, यासाठी वैद्यकाला विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत थांबावे लागले.

आधी गुडघ्याची रचना पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या असतात. बोलीभाषेत आपण त्यांना ‘गादी’ म्हणतो, डॉक्टर ‘मेनिस्कस’ म्हणतात. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चार प्रमुख अस्थिबंध असतात. त्यांपैकी दोन सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना फुलीसारखे छेदतात. १८९५ मध्ये रंटगेन यांनी शोधलेले क्ष-किरण कॅल्शियमयुक्त हाडांत अडतात, म्हणून हाडे दिसतात. गादी, अस्थिबंध आणि स्नायू यांच्यातून मात्र ते जवळजवळ सारखेच आरपार जातात. त्यामुळे एक दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येत नाही.

साहजिकच डॉक्टरांची भिस्त हातांवर होती. लिव्हरपूलचे शल्यचिकित्सक मॅकमरी यांची १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी आजही शिकवली जाते. गुडघा पूर्ण वाकवायचा, पाय पिळत हळूहळू सरळ करायचा आणि आत काही ‘टक्‌’ होते का, हे बोटांनी जाणायचे. दुसरा मार्ग म्हणजे सांध्यात दुर्बीण घालणे. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीने एका मृतदेहाच्या गुडघ्यात पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून पाहत फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. परंतु ही शस्त्रक्रियाच. नुसते पाहण्यासाठीही भूल द्यावी लागे आणि छेद घ्यावा लागे.

बाहेरून आत पाहण्याची युक्ती अखेर आली ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून. हायड्रोजनचे केंद्रक एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे वागते. ते तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवून नेमक्या वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडल्या, तर ते ऊर्जा घेते आणि लहरी थांबताच क्षीण संदेशाच्या रूपाने परत देते. झोपाळ्याला योग्य लयीत दिलेला झोकाच त्याला उंच नेतो, तसेच हे अनुस्पंदन. अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे ते दाखवले व १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. आज रुग्णालयांत सर्रास असणाऱ्या १.५ टेस्लाच्या चुंबकात ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ असते.

पण संदेश आला कोठून, हे कसे कळावे? १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी यावर तोड काढली. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे न ठेवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित वाढत नेले, तर प्रत्येक जागेची वारंवारता निराळी होते. पेटीचा सूर ऐकून कोणती पट्टी दाबली ते ओळखावे, तशी वारंवारतेवरून जागा ओळखता येते. ‘नेचर’ने हा शोधनिबंध प्रथम नाकारला होता! पुढे इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांनी प्रतिमा झटपट मिळवण्याचे गणित बसवले. या दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

गुडघ्याला हे तंत्र विलक्षण लागू पडले. निरोगी गादीतील पाणी कोलॅजेनच्या धाग्यांत घट्ट अडकलेले असते. त्याचा संदेश क्षणार्धात विरतो आणि गादी काळ्या त्रिकोणासारखी दिसते. ती फाटली, की भेगेत सांध्यातला द्रव शिरतो आणि काळ्या त्रिकोणात उजळ रेघ उमटते. ही रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली तरच ती भेग समजायची, हा नियम अनुभवातून ठरत गेला. १९९१ मध्ये अमेरिकेत १,०१४ रुग्णांच्या प्रतिमा दुर्बिणीतून दिसलेल्या स्थितीशी ताडून पाहण्यात आल्या. आतल्या बाजूच्या गादीबाबत ८९ टक्के, तर पुढच्या फुली-अस्थिबंधाबाबत ९३ टक्के निदाने बरोबर निघाली. नुसते पाहण्यासाठी सांधा उघडण्याची गरज आता फारशी उरली नाही.

कथा येथेच संपती तर बरे झाले असते. पण जे दिसते तेच दुखते का, हा प्रश्न उरला होता. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधील फ्रेमिंगहॅम गावातील ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण नव्हते, सर्वसामान्य नागरिक होते. ज्यांची गादी फाटलेली आढळली, त्यांतील ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता! भेग हा पुष्कळदा वयाचा परिणाम होता, केसांच्या पांढरेपणासारखा. २०१३ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी, झिजेमुळे गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी, तर उरलेल्यांवर लुटुपुटूची शस्त्रक्रिया केली. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात उल्लेखनीय फरक आढळला नाही. मैदानावर अचानक झालेल्या दुखापतीला हा निष्कर्ष लागू करता येणार नाही. पण केवळ प्रतिमेत भेग दिसली म्हणून शस्त्र उचलावे काय, याचा विचार डॉक्टरांना करावाच लागला.

उपकरण जितके सूक्ष्म पाहू लागते, तितके निरुपद्रवी दोषही अधिक दिसू लागतात. म्हणूनच मॅकमरींची तपासणी अडगळीत गेलेली नाही. कोठे दुखते, केव्हा दुखते, पाय कसा वळला होता, हे रुग्णाला विचारावेच लागते. वर्गात हा इतिहास सांगताना शेवटी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा: फ्रेमिंगहॅमच्या संशोधकांनी केवळ दुखणाऱ्या गुडघ्यांच्याच प्रतिमा घेतल्या असत्या, तर त्यांची काय समजूत झाली असती?