परवाना अणुभट्टीचा

इ. स. १९५६ च्या ऑगस्ट महिन्याची ४ तारीख भारतीयांना ‘अप्सरा’मुळे ठाऊक आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेल्या त्या छोट्या अणुभट्टीत त्या दिवशी पहिली शृंखलाक्रिया सुरू झाली. योगायोग असा की, त्याच तारखेस अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने एका बांधकाम-परवान्यास मंजुरी दिली. मिशिगन राज्यात ईरी सरोवराच्या काठी लगूना बीच नावाच्या जागी एक नव्या तऱ्हेची भट्टी उभारावयाची होती, आणि तिला एन्रिको फर्मीचे नाव द्यावयाचे ठरले होते. तुर्भ्याच्या घटनेचा आनंदोत्सव झाला. लगूना बीचच्या परवान्याचा मात्र खटला झाला, आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जी भट्टी अजून कोणी चालवून पाहिलेली नाही, ती सुरक्षित आहे असे सांगावयाचे कोणी आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्या खटल्याने प्रथम उघड्यावर आणला.

तत्पूर्वी हा प्रश्न सुटलेला होता असे नव्हे. तो केवळ अंतराने झाकलेला होता. १९४७ मध्ये आयोगाने भट्ट्यांच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. एडवर्ड टेलर हे तिचे अध्यक्ष. ह्या समितीने दिलेला नियम शाळकरी मुलालाही सोडविता यावा इतका सोपा होता. भट्टीत निर्माण होणारी उष्णता किलोवॅटमध्ये मोजावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्याचा शंभरावा भाग घ्यावा. तितके मैल भट्टीभोवती वस्ती नसावी. आयडाहोच्या ओसाड माळरानावर हा नियम पाळणे कठीण नव्हते. पण वीज विकावयाची तर भट्टी शहराजवळ हवी, आणि ३० लाख किलोवॅट उष्णता देणाऱ्या भट्टीला ह्या सूत्राने १७ मैलांहून अधिक त्रिज्येचे मोकळे रान लागते. एवढी जमीन कोणती वीज कंपनी विकत घेणार? तेव्हा अंतराच्या जागी पोलाद आले. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट मिल्टन येथे पाणबुडीसाठी बांधलेल्या प्रायोगिक भट्टीभोवती २२५ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारण्यात आला. अपघात झाला तरी विष आतच कोंडून राहील, ही त्यामागची कल्पना. पुढे जगभर ती रूढ झाली.

१९५४ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज-केंद्रे बांधण्याची मुभा मिळाली. परवाना दोन पायऱ्यांत द्यावयाचा ठरले: आधी बांधण्याचा, मग चालविण्याचा. ह्या व्यवस्थेत शहाणपण होते. ज्या यंत्राचा प्रत्येक खिळा आधी ठरलेला नाही, त्याविषयी पहिल्याच दिवशी सर्व काही सांगा असा हट्ट धरला, तर नवे काही बांधलेच जाणार नाही. पण तीत एक खाचही होती, आणि तिच्यात पहिला पाय अडकला तो डेट्रॉइटच्या वीज कंपनीचे प्रमुख वॉकर सिस्लर यांचा.

सिस्लर यांनी अनेक कंपन्यांचा संघ उभा करून १९५६ च्या जानेवारीत अर्ज केला. भट्टी होती द्रुतगती प्रजनक जातीची. साध्या भट्टीत न्यूट्रॉनांचा वेग पाण्याने वा ग्रॅफाइटने कमी करतात. हीत तो तसाच ठेवतात, आणि मग जळालेल्या इंधनापेक्षा अधिक नवे इंधन हाती लागू शकते. ज्या काळी युरेनियम दुर्मिळ मानले जाई, त्या काळी हे आकर्षण मोठे होते. उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी चालत नाही, म्हणून वितळलेले सोडियम खेळवावयाचे. धोकाही वेगळा. पाण्याच्या भट्टीतले पाणी गेले तर शृंखलाक्रिया आपोआप थांबते. मात्र उरलेल्या उष्णतेने इंधन वितळू शकते. द्रुतगती भट्टीत इंधन वितळून तळाशी एकत्र गोळा झाले, तर क्रिया उलट बळावण्याची भीती असते. ही भीती कागदावरची राहिली नव्हती. अर्जापूर्वी जेमतेम दीड महिना, २९ नोव्हेंबर १९५५ रोजी, आयडाहोमधील पहिल्या प्रायोगिक प्रजनक भट्टीचा फुटबॉलएवढा गाभा एका चाचणीत जवळजवळ अर्धा वितळला होता. ती भट्टी तशी का वागली, ह्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते. इंधनाच्या कांड्या तापून आतल्या बाजूस वाकत होत्या, हे पुढे कळले.

आयोगाच्या सल्लागार समितीने जून १९५६ मध्ये आपले मत कळविले. त्याचा आशय असा की, ही भट्टी ह्या जागी जनतेस अपाय न होता चालविता येईल, अशी ग्वाही देण्याइतकी माहिती हाती नाही. भट्टी धोक्याची आहे असे समितीने म्हटले नव्हते. माहीत नाही, एवढेच म्हटले होते. तज्ज्ञाने ‘माहीत नाही’ म्हणणे ही दुर्मिळ गोष्ट. तिचा मान राखावयाचा, तर ते मत सर्वांपुढे ठेवावयास हवे होते. आयोगाने ते कपाटात ठेवले.

ह्याचे कारण आयोगाच्या घडणीत होते. अणुशक्तीचा प्रसार करणे हे त्याचे एक काम, आणि तिच्यावर अंकुश ठेवणे हे दुसरे. अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांचा ओढा कोणीकडे होता हे लपून राहिले नाही. परवाना मिळण्याआधीच, आपण ८ ऑगस्टच्या भूमिपूजनास जाणार असल्याचे ते काँग्रेसच्या समितीपुढे बोलून बसले होते. नवरदेवाच्या मिरवणुकीत निघालेल्याने पत्रिका तटस्थपणे पाहावी, अशी अपेक्षा कोणी करावी? आयोगाचेच एक सदस्य टॉमस मरे यांनी सल्लागारांचे मत काँग्रेसला सांगून टाकले, तेव्हा गवगवा झाला. सिनेटर क्लिंटन अँडरसन यांनी अहवालाची प्रत मागितली, मिशिगनच्या गव्हर्नरांनीही मागितली. अशा वातावरणात, कसलीही जाहीर सुनावणी न घेता, ४ ऑगस्टला परवाना दिला गेला. त्या महिन्याच्या अखेरीस वॉल्टर रॉयथर यांच्या मोटार-कामगार संघटनेसह तीन कामगार संघटनांनी त्यास हरकत घेतली. त्यांचे हजारो सभासद डेट्रॉइट परिसरात राहत होते, आणि डेट्रॉइट ते लगूना बीच हे अंतर सुमारे ३० मैल.

१९५७ च्या मार्चमध्ये आयोगानेच प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने ह्या ३० मैलांना अर्थ आला. शहरापासून तेवढ्याच अंतरावरील एका कल्पित भट्टीत अत्यंत वाईट अपघात घडला आणि वारा, पाऊस, सारे प्रतिकूल असले, तर ३,४०० माणसे मरतील, ४३,००० जखमी होतील आणि ७०० कोटी डॉलरांची हानी होईल, असा तो हिशेब होता. असे घडण्याचा संभव अत्यल्प असल्याचेही त्यात सांगितले होते. पण लोकांच्या लक्षात आकडेच राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात झालेल्या कायद्याने अपघाताच्या भरपाईची मर्यादा ५६ कोटी डॉलरांवर बांधली, आणि त्यातच अँडरसन यांच्या आग्रहाने आणखी काही कलमे घातली गेली. सल्लागार समितीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, तिची मते जाहीर करणे बंधनकारक झाले, वीज-भट्टीच्या प्रत्येक अर्जावर जाहीर सुनावणी आवश्यक ठरली. लगूना बीचच्या भांडणाचा सर्वांत टिकाऊ निष्कर्ष कोणता, तर तो हाच. आणि तो न्यायालयात नव्हे, काँग्रेसमध्ये निघाला.

न्यायालयात कामगार संघटना आधी जिंकल्या आणि मग हरल्या. १९६० मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी परवाना बेकायदा ठरविला. १२ जून १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचे म्हणणे असे की, सुरक्षिततेचा अंतिम निर्वाळा भट्टी चालविण्याच्या परवान्याच्या वेळी दिला तरी कायद्यास तो मान्य आहे. बांधणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बांधावे. न्यायमूर्ती डग्लस यांना हे पटले नाही, आणि न्यायमूर्ती ब्लॅक त्यांच्या बाजूस राहिले. कोट्यवधी डॉलर एकदा मातीत ओतले गेले की पारडे अर्जदाराच्या बाजूस झुकते, जनतेच्या नव्हे, असे डग्लस यांनी बजावले. कायदा ब्रेनन यांच्या बाजूस होता, हे मान्य केले पाहिजे. माणसाच्या स्वभावाची पारख मात्र डग्लस यांना अधिक होती.

फर्मी भट्टी ऑगस्ट १९६३ मध्ये प्रथम पेटली. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शक्ती वाढवीत असताना मापे विचित्र दिसू लागली, किरणोत्साराच्या घंटा वाजल्या आणि चालकांनी भट्टी बंद केली. इंधनाच्या दोन जुड्या काही अंशी वितळल्या होत्या. विष बाहेर पडले नाही, कोणास इजा झाली नाही. पण कारण शोधण्यास पुष्कळ महिने लागले, कारण अपारदर्शक, तापलेल्या सोडियमच्या तळाशी पाहावयाचे कसे? अखेर लांब नळीतून उपकरणे आत सोडून पाहता तळाशी धातूचा एक चपटा तुकडा आढळला. तो झिर्कोनियमचा होता. सोडियमच्या प्रवाहाबरोबर वर उचलला जाऊन तो जुड्यांच्या तोंडाशी बसला होता आणि त्यामुळे शीतकाची वाट अडली होती. हे पत्रे मूळ योजनेत नव्हते. इंधन वितळलेच तर ते एका जागी साचू नये, पसरावे, म्हणून सुरक्षिततेच्या काळजीपोटी ते मागाहून बसविले होते. भट्टी १९७० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९७२ मध्ये कायमची थांबली.

पुढचा इतिहास पाण्याच्या भट्ट्यांचा आहे. भारतात १९६९ मध्ये तारापूर येथे सुरू झालेल्या दोन अमेरिकी बनावटीच्या भट्ट्या ह्याच जलकुळातल्या. अशा भट्ट्यांचे अर्ज डझनांनी येऊ लागले तेव्हा आयोगाने त्यांच्या अनुभवावरून नियम घडविले. जागेविषयीचे १९६२ मध्ये, रचनेची सामान्य तत्त्वे १९७१ मध्ये. १९७५ च्या जानेवारीपासून अंकुशाचे काम प्रसारापासून वेगळे काढून नव्या नियामक आयोगाकडे दिले गेले. भारतात असे नियामक मंडळ नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झाले. कल्पाक्कमची सोडियमवर चालणारी प्रायोगिक भट्टी दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९८५ मध्ये, प्रथम पेटली.

अमेरिकेतील नियम काटेकोर होते, पण पाण्याच्या मापाने कापलेले होते. गर्भात दीडशे वातावरणांच्या दाबाखाली पाणी आहे, नळी फुटली की त्याची वाफ होईल, म्हणून गाभ्यावर तात्काळ पाणी सोडण्याची सोय हवी, असा त्यांचा रोख. सोडियमला असा दाब लागत नाही. ते ८८० अंशांच्या पुढे जाऊन उकळते. उलट ते हवेत पेट घेते, पाण्याशी झोंबते आणि ९८ अंशांखाली थिजून नळ्या बुजवते. ह्यांपैकी एकाही गोष्टीविषयी जुनी तत्त्वे काही विचारीत नव्हती. अशा वेळी अर्जदार प्रत्येक कलमातून सूट मागत बसे, आणि परीक्षकाला, नेमके काय विचारावयाचे, हेच ठरवावे लागे. १९५६ च्या सल्लागारांची जी स्थिती, तीच थोड्या निराळ्या वेषात परतली होती.

नियामक आयोगाने प्रगत भट्ट्यांविषयीचे धोरण १९८६ मध्ये जाहीर केले. प्रत्यक्ष मार्गदर्शिका येण्यास मात्र तीन दशके गेली, कारण अर्जदारच नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये निघालेल्या मार्गदर्शिकेत जुनी तत्त्वे पाण्याच्या बंधनातून सोडवून घेतली आहेत. सोडियमच्या भट्टीसाठी आणि वायूने थंड होणाऱ्या भट्टीसाठी तीत स्वतंत्र संच आहेत. सोडियमच्या संचात गळती शोधणे, नळ्या ऊबदार ठेवणे, पाण्याशी गाठ पडू न देणे अशी कलमे दिसतात. त्याच वर्षी आयोगाने आणखी एक गोष्ट मान्य केली: कोंडण्याचे काम पोलादी घुमटानेच केले पाहिजे असे नाही. खसखशीएवढ्या इंधनकणावरील कठीण लेपांनी ते करून दाखविले, तर तेही चालेल. वेस्ट मिल्टनच्या २२५ फुटी गोलापासून खसखशीपर्यंतचा हा प्रवास मोठाच म्हणावयाचा.

जून २०२० च्या मार्गदर्शिकेने पद्धतच बदलली. एक भयंकर अपघात कल्पून त्यास पुरेल एवढी तटबंदी करावयाची, ही जुनी रीत. नव्या रीतीत अर्जदाराने आपल्या भट्टीत काय काय बिघडू शकते त्याची यादी करावयाची आणि प्रत्येक घटना किती वेळा घडेल व किती अपाय करील हे मांडावयाचे. शंभर वर्षांतून एकदा वा अधिक वेळा घडणाऱ्या घटना एका वर्गात; त्याहून विरळ, दहा हजार वर्षांतून एकदापर्यंतच्या, दुसऱ्यात; त्याहून विरळ तिसऱ्यात. घटना जितकी नित्याची, तितका तिचा अपाय कमी असला पाहिजे. हे तर्कशुद्ध आहे. पण त्याची सारी मदार यादीवर आहे. झिर्कोनियमचा पत्रा १९५६ च्या कोणत्याही यादीत नव्हता. म्हणूनच ह्या मार्गदर्शिकेत, आकडे काहीही सांगोत, संरक्षणाचे अनेक थर राखण्याची अट कायम आहे, आणि ती राहिली हे बरेच झाले.

मार्गदर्शिका असूनही अर्ज नीट भरला जातोच असे नाही. ओक्लो कंपनीने मार्च २०२० मध्ये आयडाहोतील दीड मेगावॅटच्या भट्टीसाठी अर्ज केला. अपघातांविषयी आणि सुरक्षा-साधनांच्या वर्गवारीविषयी पुरेशी माहिती दिली नाही, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने तो नाकारला. पुन्हा अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली. भट्टी धोक्याची आहे असे त्यानेही म्हटले नाही. मात्र ह्या खेपेस ‘माहीत नाही’चा अर्थ ‘परवाना नाही’ असा झाला, आणि कारणे सर्वांसमोर मांडली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये टेनेसीतील ओक रिज येथे वितळलेल्या क्षाराने थंड होणाऱ्या ‘हर्मिस’ ह्या लहान प्रायोगिक भट्टीस बांधकाम-परवाना मिळाला; पाण्याव्यतिरिक्त शीतक वापरणाऱ्या भट्टीस अमेरिकेत पन्नासांहून अधिक वर्षांनी मिळालेला तो पहिला. मार्च २०२४ मध्ये वायोमिंगमधील केमरर ह्या कोळशाच्या गावाजवळ ३४५ मेगावॅटची भट्टी बांधण्यासाठी अर्ज आला, आणि त्याच महिन्यात अर्जात कोणता मजकूर असावा ह्याच्या मार्गदर्शिकाही आयोगाने प्रसिद्ध केल्या. केमररच्या ह्या भट्टीचे शीतक सोडियमच आहे. पायऱ्याही दोनच आहेत: आधी बांधण्याची, मग चालविण्याची.