कंपनी कायदा व कंपनी-कारभार, भारतातील

भागधारकांनी पुरविलेल्या भांडवलावर चालणाऱ्या कंपनीचे नियंत्रण कोणी करावयाचे, नियंत्रण करणाऱ्यांनी कोणास जबाबदार राहावयाचे आणि ही जबाबदारी कशी अंमलात आणावयाची, यांविषयीचे नियम, प्रथा व संस्था यांच्या समुच्चयास कंपनी-कारभार असे म्हणतात. मालकी अनेकांची व सत्ता थोड्यांची, ही संयुक्त भांडवल कंपनीची मूळ घडणच होय. इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न प्रामुख्याने विखुरलेले भागधारक आणि पगारी व्यवस्थापक यांच्या संबंधांचा आहे. भारतात तो नियंत्रक घराणे व अल्पसंख्य भागधारक यांच्यामधील आहे. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय भारतीय कंपनी कायद्याच्या इतिहासाचा उलगडा होत नाही.

भारतातील कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला अधिनियम १८५० साली झाला. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ च्या अधिनियमाने आले आणि १८६० मध्ये ते बँकांनाही लागू झाले. हे कायदे इंग्लिश कायद्यांच्या धर्तीवर बेतलेले होते. त्यांत ज्या संस्थेचा मागमूसही नव्हता, ती व्यवस्थापन अभिकर्ता पद्धती मात्र येथील व्यवहारात झपाट्याने रुजली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून पुढील शतकभर कापड, ताग, चहा, कोळसा अशा बहुतेक उद्योगांची सूत्रे अभिकर्त्यांच्या पेढ्यांकडे राहिली.

अभिकर्ता ही बहुधा एखाद्या कुटुंबाची भागीदारी पेढी असे. ती कंपनीचे प्रवर्तन करी, काही भाग स्वतः घेई, उरलेले लोकांना विकी आणि कंपनीशी दीर्घ मुदतीचा, कधीकधी पिढ्यान्‌पिढ्या चालणारा करार करून सर्व व्यवस्थापन आपल्या हाती ठेवी. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत तिचे कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर, सुताच्या दर पौंडामागे पाव आणा अशा दराने, आकारले जाई. परिणामी भागधारकांना लाभांश मिळो वा न मिळो, गिरणी चालू राहण्यात व तिचे उत्पादन वाढण्यात अभिकर्त्याचे हित असे. कापूस व यंत्रसामग्री यांच्या खरेदीवर निराळे कमिशन मिळे, ते वेगळेच. तथापि ही पद्धती म्हणजे केवळ लूट होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. भांडवल-बाजार बाल्यावस्थेत असताना मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत लोक ठेवी ठेवीत, त्या अभिकर्त्याच्या पतीवर. बँकाही कर्ज देताना कंपनीच्या सहीबरोबर त्याची सही मागत. पत त्याची आणि पैसा लोकांचा, अशी ही विभागणी होती.

१९३६ च्या दुरुस्तीने अभिकर्त्याच्या कराराची मुदत वीस वर्षांपुरती मर्यादित केली, त्याचा मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला आणि त्याने नेमावयाच्या संचालकांची संख्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक असू नये, असे ठरविले. स्वातंत्र्यानंतर कु. हो. भाभा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५२ मध्ये अहवाल दिला व त्यावरून १९५६ चा कंपनी अधिनियम तयार झाला. साडेसहाशेहून अधिक कलमांच्या या कायद्याने अभिकर्त्याचा मोबदला नफ्याच्या दहा टक्क्यांवर रोखला. कलमे वाढली, पण गैरव्यवहार थांबले नाहीत. १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे भाग नवजात आयुर्विमा महामंडळाने विकत घेतले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मु. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने त्याची जाहीर चौकशी केली व १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. दालमिया-जैन कंपन्यांवरील व्हिव्हियन बोस आयोगाने समूहातील एका कंपनीचा पैसा दुसरीत कसा फिरविला जातो, याचे तपशीलवार चित्र पुढे मांडले. अखेर ३ एप्रिल १९७० पासून अभिकर्ता पद्धती रद्द झाली.

पद गेले, सत्ता राहिली. तीच घराणी आता ‘प्रवर्तक’ या नावाने संचालक मंडळांवर बसली आणि अभिकर्त्याच्या पतीची जागा सरकारी वित्तसंस्थांच्या कर्जांनी व भागखरेदीने घेतली. या संस्था मोठ्या भागधारक असूनही सामान्यतः मूक राहत. एस्कॉर्ट्‌स कंपनीच्या प्रकरणात हे मौन सुटले. वित्तसंस्थांकडे निम्म्याहून अधिक भाग असलेल्या या कंपनीचे नऊ संचालक बदलण्यासाठी आयुर्विमा महामंडळाने विशेष सभेची मागणी केली. वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. इतर कोणत्याही भागधारकाप्रमाणे महामंडळासही अशी सभा मागण्याचा हक्क असून त्यासाठी कारणे देण्याचे बंधन नाही, असा निर्णय १९८५ मध्ये झाला.

१९९२ च्या रोखे गैरव्यवहारानंतर नियमनाचा भार प्रतिभूती व विनिमय मंडळाकडे (सेबी) सरकला. त्याच वर्षीच्या इंग्लंडमधील कॅडबरी अहवालाचा प्रभाव येथेही पडला. कुमारमंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून २००० साली सूचिबद्धता कराराचे ४९ वे कलम आले. स्वतंत्र संचालक व लेखापरीक्षण समिती ही त्याची प्रमुख साधने होती.

या साधनांची परीक्षा ‘सत्यम’ या हैदराबादच्या संगणक-सेवा कंपनीत झाली. प्रवर्तकांचा हिस्सा दहा टक्क्यांहूनही कमी असलेल्या या कंपनीच्या संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक व माजी अधिकारी होते. तरीही डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तकांच्या नातलगांच्या दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव मंडळाने संमत केला. तो मागे घ्यावा लागला, तो गुंतवणूकदारांच्या संतापामुळे. मंडळाच्या दक्षतेमुळे नव्हे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे कबुली दिली, की ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेतील शिलकीची खातरजमा ही लेखापरीक्षणाची बाराखडी होय. तीच येथे चुकली. शासनाने मंडळ बरखास्त करून नवे नेमले आणि काही महिन्यांतच कंपनी टेक महिंद्राकडे गेली.

२०१३ च्या कंपनी अधिनियमावर या प्रकरणाची छाया स्पष्ट दिसते. लेखापरीक्षकांची सक्तीची फेरपालट, संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांवर निर्बंध, सूचिबद्ध कंपन्यांत किमान एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक, भागधारकांचे सामूहिक दावे या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, या तरतुदीचा गाजावाजा अधिक झाला. परंतु कारभाराच्या दृष्टीने ती गौण आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षीच्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कर्ज थकविणाऱ्या प्रवर्तकाच्या हातून कंपनीच निसटण्याची शक्यता निर्माण केली. ही धास्ती पूर्वीच्या कोणत्याही कायद्याने घातली नव्हती.

अल्पसंख्यांच्या हक्कांची मर्यादा टाटा सन्सच्या खटल्यात दिसून आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. सुमारे १८ टक्के भाग असलेल्या त्यांच्या समूहाने दडपशाहीची तक्रार केली. मुंबईच्या न्यायाधिकरणाने ती फेटाळली, अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मान्य केली आणि २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केवळ पदच्युती म्हणजे दडपशाही नव्हे आणि भागांच्या प्रमाणात मंडळावर जागा मागण्याचा हक्क अल्पसंख्य भागधारकास कायद्याने दिलेला नाही, असा या निकालाचा आशय आहे.

अध्यक्ष व कार्यकारी प्रमुख ही पदे वेगळी ठेवण्याची सेबीची सक्ती उद्योगपतींच्या विरोधामुळे आधी लांबणीवर पडली व फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐच्छिक झाली. स्वतंत्र संचालक ज्यांच्यावर नजर ठेवतो त्यांच्याच मतांनी निवडला जातो, हा जुना आक्षेप. त्यावर उपाय म्हणून १ जानेवारी २०२२ पासून सूचिबद्ध कंपनीत त्याच्या नेमणुकीस विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश मते, आवश्यक झाली. प्रवर्तकांचा हिस्सा निम्मा असला, तरी इतरांपैकी काहींच्या संमतीवाचून ही नेमणूक होत नाही. मात्र सूचिबद्ध कंपनीत प्रवर्तकांना ७५ टक्क्यांपर्यंत भाग ठेवण्याची मुभा आहे आणि ज्यांनी ती पूर्णपणे वापरली आहे, त्यांच्या कंपनीत हा ठराव त्यांच्या एकट्याच्या मतांवर संमत होऊ शकतो.