बिनखिळ्यांची जहाजे आणि चौलचे मुसलमान

जहाजाला भोक पाडणे म्हणजे ते बुडवणे, हे लहान मुलालाही कळते. कुरआनच्या सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांचा आक्षेप हाच आहे. त्यांच्यासोबतचा ज्ञानी पुरुष, ज्यांना हदीसमध्ये खिज्र म्हटले आहे, ते ज्या नावेत बसले तिलाच भोक पाडतात आणि मूसांना ते सहन होत नाही. उलगडा नंतर होतो. नाव गरिबांची होती आणि एक राजा प्रत्येक धड नाव जबरदस्तीने बळकावत होता. खोट निर्माण केली म्हणून गरिबांची रोजी वाचली.

ही कथा नैतिक बोधासाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण अरबी समुद्राच्या इतिहासात भोकांची आणखी एक कथा आहे. या समुद्रावरची जहाजे शेकडो वर्षे हजारो भोके पाडूनच बांधली जात. त्यांत लोखंडी खिळा नसे.

पद्धत अशी होती. कण्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या एकमेकींना काठ भिडवून लावायच्या. काठालगत सामत्याने थोड्या थोड्या अंतरावर भोके पाडायची. सांध्यावर काथ्याची गादी ठेवून भोकांतून काथ्याची दोरी ओवायची आणि गोधडी शिवावी तशी फळीला फळी घट्ट शिवायची. मग भोके काथ्या आणि राळ भरून बुजवायची आणि लाकडाला तेल चोपडायचे. आतल्या फासळ्या फळ्यांचे कवच उभे राहिल्यावर बसवल्या जात. भोक काठाच्या फार जवळ पडले तर फळी चिरते, वाकडे पडले तर दोरी घासून तुटते. म्हणजे शेकडो माणसांचा जीव भोके पाडणाऱ्या सुताराच्या हातात असे.

हे आपल्याला प्रवाशांनी सांगितले आहे. इब्न जुबैर 1183 मध्ये हजसाठी निघाला तेव्हा तांबड्या समुद्राकाठच्या ऐजाब बंदरातून जेद्दाहला गेला. तिथल्या जहाजांत एकही खिळा नसतो, ती नारळाच्या काथ्याने शिवतात आणि त्यांना तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल लावतात, असे तो लिहितो. यांत शार्कचे तेल सर्वांत चांगले, हेही नोंदवायला तो विसरत नाही. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेला इब्न बतूता कारण देतो: या समुद्रात खडक फार आहेत. खिळ्यांचे जहाज खडकावर आदळले की फुटते, शिवलेले जहाज लवचीक असल्यामुळे टिकते.

लोकांमध्ये मात्र वेगळीच गोष्ट प्रचलित होती. समुद्रात चुंबकाचे डोंगर आहेत आणि ते जहाजांचे खिळे ओढून काढतात, अशी. सहाव्या शतकातच रोमन इतिहासकार प्रोकोपियसने ती खोडून काढली होती. रोमनांची लोखंड असलेली जहाजे तांबड्या समुद्रात सुखरूप फिरतात, मग चुंबक त्यांनाच कसा सोडतो, असा त्याचा मुद्दा होता. खिळ्यांची माहितीच नव्हती असेही नाही. इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याने खिळे ठोकलेली, डांबर लावलेली जहाजे पहिल्यांदा या समुद्रात सोडली, असे जाहिज लिहितो. तरीही पुढची अनेक शतके शिवणच चालू राहिली. ती अडाणीपणातून आलेली नव्हती. या किनाऱ्यांना, या लाकडाला आणि इथे मुबलक असलेल्या नारळाला ती मानवणारी होती.

याच भोकांनी इतिहासाला पुरावाही दिला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सिराफचा अबू झैद लिहितो की, भूमध्य समुद्रात शिवलेल्या जहाजाच्या फळ्या सापडल्या. रोम आणि शामची जहाजे खिळ्यांची असतात, तेव्हा या फळ्या आपल्याच बाजूच्या. त्यावरून समुद्र कुठेतरी एकमेकांना जोडलेले आहेत, असे अनुमान त्याने काढले. पुढे 1998 मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले जहाज सापडले. त्यात चिनी मातीची सुमारे 60,000 भांडी होती. हे जहाज चिनी नसून पश्चिम हिंदी महासागरातले आहे, हे ओळखायला फळ्यांच्या काठची भोके आणि शिवण कामी आली.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे सुमारे 916 साली, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला 1296 मध्ये. म्हणजे त्याच्या 380 वर्षे आधी महाराष्ट्रात मुसलमानांची नांदती वस्ती होती. मुसलमान इथे फक्त घोड्यावर बसून, तलवार घेऊन आले असे म्हणणाऱ्यांनी सिराफ आणि ओमानची ही जहाजे पाहिलेली नाहीत. त्या वस्तीतली माणसे काथ्याने शिवलेल्या जहाजांतून, व्यापाराचा माल घेऊन आली होती. इथल्या राजाने त्यांना जागा दिली, कारण त्यांच्यामुळे बंदर भरभराटीला येत होते.

शिवणीला उतरती कळा लागली ती सोळाव्या शतकात. पोर्तुगीज तोफा चढवलेली, खिळ्यांची भक्कम जहाजे घेऊन आले. 1508 मध्ये याच चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलूकांचे आरमार पोर्तुगीजांशी लढले आणि जिंकले, पण पुढच्याच वर्षी दीवला हरले. तोफेचा धक्का शिवलेली कूस सोसू शकत नाही, म्हणून आपल्याकडच्या जहाजबांधणीतही खिळे वाढत गेले, असे अनेक इतिहासकार मानतात. काथ्याची भोके बुजली आणि तोफांसाठी भोके पाडली जाऊ लागली.

कला पूर्ण मेली मात्र नाही. 1980 मध्ये ओमानहून चीनला निघालेले ‘सोहार’ हे जहाज शिवायला लक्षद्वीपचे कारागीर गेले होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ 2025 मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. तेही शिवलेलेच आहे आणि त्याचे काम केरळच्या कारागिरांनी केले.

बुखारीतल्या एका हदीसमध्ये दोन मजली जहाजाचे उदाहरण आहे. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागते, म्हणून ते आपल्या हिश्श्यात भोक पाडायचे ठरवतात. वरच्यांनी त्यांना अडवले तर सगळे वाचतात, नाहीतर सगळे बुडतात. ज्या समाजाने एकेक भोक मोजून, जपून पाडत जहाजे शिवली, त्याला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नसेल. चौलच्या वस्तीचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांतून गळतो, तेव्हा तेही एक भोकच असते. ते बुजवायचे काम वरच्यांचेही आहे आणि खालच्यांचेही.