पागडी, पावती आणि मुंबईतली खोली



मागच्या महिन्यात माझी भाची, म्हणजे सांगलीच्या भावाची मुलगी, मुंबईत नोकरीला लागली. पहिला फोन मला. "आत्या, राहायची जागा बघायचीय. परवडणारी." त्या शेवटच्या शब्दावर मी हसले आणि ती रागावली. हसले अशासाठी, की आमच्या घरात हा शब्द १९५१ पासून ऐकू येतो आहे. त्या साली माझे मामंजी हळदीच्या एका पेढीवर मेहताजी म्हणून मशीद बंदरला आले. सांगलीची हळद तेव्हाही मुंबईला जायची आणि तिच्या मागोमाग आमच्याकडची माणसंही जायची.

पहिले चार दिवस ते सी. पी. टँकच्या हिराबाग धर्मशाळेत उतरले. शेठ माणिकचंद हिराचंद या जव्हेरींनी वडिलांच्या नावानं ती बांधली. तारदेवचं हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंगही त्यांचंच. नाथूराम प्रेमींचं हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय याच हिराबागेत होतं, म्हणजे प्रवासी आणि पुस्तकं एकाच आवारात. जवळ मंदिर, गाळलेलं पाणी, सूर्य मावळायच्या आत जेवण. गावाकडून आलेल्या जैन माणसाला आणखी काय हवं? पण धर्मशाळा शेवटी धर्मशाळाच, मुक्काम ठरावीक दिवसांचा. पाचव्या दिवशी मामंजींनी वळकटी उचलली आणि पेढीवर मुक्काम हलवला. दिवसा ज्या गादीवर बसून खतावणी लिहायची, रात्री तिच्यावरच आडवं व्हायचं. त्या काळी मशीद बंदर, मूळजी जेठा मार्केट इकडचे कितीतरी गुमास्ते असेच झोपत.

प्रत्येक समाजानं अशी आपापली सोय केली होती. कोकणातल्या गावकऱ्यांची गिरणगावात गावकीची खोली असे. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपणारे, जेवायला खानावळ, आणि भिंतीवर प्रत्येकाची एकेक ट्रंक. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या 'कूड' असत, धोबीतलाव-माझगावकडे. गावाच्या नावाची कूड, तिथे त्या गावच्या माणसाला थोडक्या पैशात पथारी मिळे. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशी तिथेच राहत. भाडं परवडत नाही म्हणून माणसं ओळखीच्या आधारानं राहत होती. ओळख नसेल त्याचं काय, हा प्रश्न तेव्हाही होताच.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. दाट वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांवर सगळ्यांचं बोट गेलं, आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं रस्ते रुंद केले, दादर-माटुंगा आखलं, बी. आय. टी. चाळी बांधल्या. पण त्यासाठी आधी जुनी घरं पाडली. पाडली किती आणि बांधली किती, याचा ताळेबंद गरिबाच्या बाजूनं जुळत नाही अशी टीका तेव्हाही झाली. वाणिज्य शाखेची पदवीधर असल्यामुळे मला 'ताळेबंद' हा शब्द लगेच सुचतो, त्याला इलाज नाही.

मग १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खात्यानं, म्हणजे बी. डी. डी.नं, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. एकंदर २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या सुमारे सोळा हजार. आणि गंमत अशी, की खोल्यांसाठी रडणाऱ्या शहरात यातल्या बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या! भाडं कामगाराच्या आवाक्याबाहेरचं, शिवाय गिरणीपासून लांब. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. जी घरं भाडेकरूंनी भरली नाहीत, ती सरकारनं सत्याग्रहींनी भरली. परवडणारं घर म्हणजे नुसतं लहान घर नव्हे, हे इतक्या लवकर कळूनही आजतागायत उमगलेलं दिसत नाही.

आता पागडीकडे येते, कारण आमच्या घराची खरी गोष्ट तिथं आहे.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच झालं, आणि पाठोपाठ फाळणी. निर्वासितांचे लोंढे आले. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं, अशी त्यात मेख होती. नंतर पहिल्यांदा भाड्यानं दिलेल्या जागेचं पहिलं भाडं धरायचं. भाडं गोठलं आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. आत असलेल्याला हा कायदा म्हणजे कल्पवृक्ष. बाहेर उभा असलेल्याला मात्र बंद दार. मालकाला भाड्यातून काही मिळेना, म्हणून तो दार उघडण्याचेच पैसे मागू लागला. तीच पागडी. कायद्यानं ती गुन्हा होती, म्हणून पावती नाही. रोख, आणि तीही दिवेलागणीनंतर.

१९५६ साली मामंजींनी गिरगावात एक खोली घेतली. भाडं १९ रुपये, पागडी २,२०० रुपये. पगार होता ११० रुपये. सासूबाईंच्या चार पाटल्या विकून ९०० आले, गावच्या थोरल्या दिरांनी ७०० दिले, आणि पेढीनं ६०० उचल दिली. मी लग्न होऊन १९८२ मध्ये या खोलीत आले, तेव्हा त्यांची जुनी वही पाहिली होती. मोडी वळणाचं अक्षर, पैशापैशाचा हिशेब, मंदिरात टाकलेले चार आणेसुद्धा लिहिलेले. पाटल्यांचे ९०० जमेला आहेत, उचलही जमेला आहे. खर्चाच्या बाजूला २,२०० समोर मात्र नुसतं 'खोली' लिहिलंय. 'पागडी' हा शब्द नाही.

मी एकदा विचारलं, "मामंजी, इथं शब्द का सोडला?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, सत्याचं व्रत घेतलेल्या माणसानं खोटं लिहायचं नाही. आणि खरं लिहावं तर गुन्हा. म्हणून अर्धं लिहिलं." त्या वर्षीच्या दशलक्षण पर्वात सत्यधर्माच्या दिवशी त्यांनी उपवास केला होता, असं सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. एरवी त्यांना उपवास सोसत नसे, पित्त व्हायचं.

मी हिशेब मांडून पाहिला. २,२०० रुपये चार टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ८८, म्हणजे महिन्याला सव्वासात-साडेसात रुपये. तेव्हा खोलीचं खरं भाडं १९ नाही, सव्वीसच्या आसपास. कायद्यानं भाडं उतरवलं नव्हतं, त्याचा मोठा तुकडा एकदम आणि अंधारात द्यायला लावला होता. ज्याच्याकडे पाटल्या नाहीत त्याला १९ रुपयांचं भाडं कितीही परवडत असलं तरी खोली मिळत नव्हती.

मालकाची बाजूही सांगते, नाहीतर जमाखर्च अपुरा राहील. आमच्या चाळीची मालकीण पुढे एक विधवा बाई होत्या. छत्तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, दुरुस्ती-उपकर आणि कायदेशीर वाढ धरून आम्ही महिन्याला ४१ रुपये भरत होतो. एवढ्यात त्या जिना कशानं दुरुस्त करणार? गॅलरीला लाकडी टेकू लागले होते. दक्षिण मुंबईत अशा इमारती इतक्या झाल्या की १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. प्रमाण भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये म्हटलं. मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्यात पागडी घेणं-देणं कायदेशीर ठरलं. तोवर मामंजी गेले होते. असते तर त्यांनी वही काढून तो शब्द लिहिला असता का, कोण जाणे.

चाळीबद्दल गोड-गोड लिहिणं मला जमत नाही. मोरी दीड हात, नळ पहाटे साडेचारला, संडासाची रांग. पण एक आठवण लिहायलाच हवी. शेजारच्या खोलीत मालवणकडचं कुटुंब होतं. रविवारी मासे तळले की सासूबाई दार लोटून घेत, बस. भांडण कधी नाही. त्या शेजारीणकाकू गणपतीला गावी जात. गौरी-विसर्जनानंतर परतल्या की आमचं दशलक्षण चालू असायचं. अनंत चतुर्दशीपर्यंत त्या घरात मासळी आणत नसत. आम्ही कधी सांगितलं नव्हतं. नळाला बांधलेलं आमचं गाळणं सुटलं तर त्याच बांधून ठेवत.

१९९२ मध्ये आम्ही ती खोली तीन लाखांना सोडली. रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा, म्हणजे एक लाख, मालकिणीला. उरलेल्या दोन लाखांत ७०,००० कर्जाची भर घालून डोंबिवलीला साडेचारशे चौरस फुटांची जागा घेतली. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेखांनी एच. डी. एफ. सी. काढली, त्यानंतर पगारदाराला घरासाठी कर्ज मिळणं हळूहळू रुळलं होतं. त्याच १९७७ मधला 'घरौंदा' चित्रपट आठवतो का? फ्लॅटसाठी पैसे जमवणारं जोडपं. आम्ही मैत्रिणी तो पाहून रडलो होतो. म्हाडाही त्याच सालची. तिच्या सोडतीचे अर्ज आम्हीही भरले, नंबर कधी लागला नाही.

आणि आता भाची. तिला लागणारं घर अकरा महिन्यांच्या कराराचं. याचीही गोष्ट आहे. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्यानं भाडेकरू करून टाकलं. घरमालक असे धसकले की कुलूप घालून घर रिकामं ठेवणं त्यांना बरं वाटू लागलं. ती भीती नव्या कायद्यानं कमी झाली, पण अकरा महिन्यांची सवय राहिली.

भाचीला तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण बरोबर हवी होती, भाडं वाटून घ्यायला. मी ओळखीनं आपल्या समाजाच्या एका सोसायटीत शब्द टाकला. खाली मंदिर, भाडं रास्त, डिपॉझिटही कमी. मला वाटलं, काम झालं. सेक्रेटरींनी मैत्रिणीचं आडनाव विचारलं, मग खाणं विचारलं, आणि म्हणाले, "तुमची मुलगी एकटी असेल तर आज किल्ली नेऊ दे."

मला राग आला, पण मी गप्प बसले. कारण मला ठाऊक होतं की हे आजचं नाही. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण सोसायटी काढली. देशातल्या पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिचं नाव आधी घेतात, आणि ती एका समाजाचीच होती. पुढे हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. त्या सोसायट्यांनी कितीतरी मध्यमवर्गीयांना डोक्यावर छप्पर दिलं, हे खरंच आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा उपनियम उचलून धरला. म्हणजे कायदा सेक्रेटरींच्या बाजूला झुकतो. आणि हिराबाग नसती तर मामंजी त्या चार रात्री कुठे झोपले असते? आमचं घर ओळखीच्याच दारातून आत आलं. पण मालवणच्या काकूंना आमच्या शेजारी राहू नका असं कुणी म्हटलं असतं, तर सासूबाईंनी काय केलं असतं हेही मला माहीत आहे. माझ्या मुलाच्या बाळंतपणात मला पहिलं पेजेचं पाणी त्या काकूंनी पाजलं होतं.

मी भाचीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. म्हटलं, तू एकटी गेलीस तर महिन्याला सात-आठ हजार वाचतील, मी काही म्हणणार नाही. तिनं एक दिवस विचार केला. मग दोघींनी ऐरोलीला जागा घेतली. भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख, दलाली एक महिन्याचं भाडं. मंदिर रिक्षानं जावं लागेल इतकं लांब. स्वयंपाकघर एकच आहे, तेव्हा भांड्यांचे दोन संच करायचे असं त्यांनी ठरवलंय. मैत्रिणीनं स्वतःच्या पैशानं एक लहान शेगडी आणली आणि बाल्कनीत ठेवली.

सामान लावायला मी गेले होते. नळाला गाळणं बांधलं. संध्याकाळी भाची मोबाईलमध्ये खर्च टाकत बसली होती: डिपॉझिट, दलाली, मुद्रांक, नोंदणी, टेम्पो, हमाली. "आत्या, दलालाला चहा पाजला त्याचे चाळीस कशात टाकू?" म्हटलं, चहाच लिही.